कळलावी आणि आजोबांचा अंगठा

आमच्या कारेगावला पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखे लाल-पिवळे फूल दिसते, ते कळलावीचे. कंद उगाळून लावला की अडलेल्या बाईला कळा येतात, अशी जुनी समजूत. त्यावरून हे नाव. आजी मात्र आम्हा पोरांना त्या वेलाला हात लावू देत नसे. "विषारी हाय ती," एवढेच तिचे वनस्पतिशास्त्र.

गेल्या भाद्रपदात आजोबांच्या पायाचा अंगठा एका रात्रीत सुजून लालबुंद झाला. चादरीचाही भार सोसेना. डॉक्टरांनी गाऊट सांगून कॉल्चिसिनच्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत ठणका उतरला. मी कला शाखेचा विद्यार्थी, तरी कुतूहल गप्प बसू देईना. शोधता कळले की पेलेत्ये आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी हे द्रव्य १८२० साली युरोपातील कॉल्चिकम या वनस्पतीतून वेगळे केले. आणि तेच आपल्या कळलावीतही असते!

गाऊटमध्ये युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. प्रवाहात वाहणारी पेशी आधी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरते, लोळत लोळत मंदावते, घट्ट चिकटते आणि मग भिंतीतून बाहेर सरकते. स्फटिक गिळून चेतलेल्या पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हे प्रथिन सोडतात. त्या हाकेने आणखी पेशी येतात. सूज आणि ठणका या गर्दीचाच.

आता औषध काय करते? रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत इमारत उठताना परांची बांधतात, सोडतात, पुन्हा पुढे बांधतात. पेशीच्या पोटात ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका अशाच सतत जुळत-सुटत असतात. शिवाय त्यांवरून मालाची ने-आणही चालते. कॉल्चिसिन सुट्या ट्युब्युलिनला चिकटते, मग नलिका वाढत नाही. भिंतीवरील पेशींना 'सिलेक्टिन' नावाचे धरून ठेवणारे रेणू असतात, त्यांची मांडणी विस्कटते. मात्रा वाढली तर पांढऱ्या पेशींवरचे सिलेक्टिनही घटते. पकडच बसत नाही. आत, इंटरल्युकिन तयार करणारी जुळणीही नलिकांवाचून अडते. स्फटिक मात्र तसेच राहतात, युरिक आम्लही घटत नाही. हे आजोबांना अजून पटलेले नाही.

हृदयविकारातही या औषधाची परीक्षा झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४,७४५ रुग्णांपैकी ज्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम दिले, त्यांच्यात पुढचे हृदयविकार व पक्षाघात मिळून कमी आढळले. २०२४ मधील मोठ्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही.

हे सारे मी घरी मोठ्या ऐटीत सांगितले, हीच चूक. दुसऱ्या दिवशी आजोबा खुरपे घेऊन कुंपणाकडे निघाले. "गोळी तिचीच, मग पैसे कशाला घालवायचे?" गोळीत मात्रा मोजलेली असते, कंदात किती ते कोण सांगणार? पेशी दुभंगून दोन होतानाही याच नलिका लागतात. म्हणून आतडे आणि अस्थिमज्जा, जिथे हे काम अखंड चालते, तिथे विष आधी बाधते. उलट्या-जुलाबाने सुरुवात होते आणि माणूस दगावूही शकतो. मी हे समजावत होतो, तोवर आजीने त्यांच्या हातून खुरपे काढून घेतले. ते अजून तिच्या ट्रंकेमागे आहे.