मावळ्याचा रंग

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मांजरीत अजूनही किल्ले होतात. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेली, इमारती उठल्या, अंगणे आकसली. तरी काळी माती, विटांचे तुकडे आणि भिजवलेले गोणपाट घेऊन मुले जिन्याखालच्या जागेतसुद्धा बुरूज उभारतात. त्यावर हळीव पेरले जाते आणि मग बाजारातून मावळे येतात. पूर्वी ते मातीचे असत, आता बहुतेक प्लॅस्टरचे असतात. हे मावळे नीट पाहावेत. एकाच साच्यातून निघाल्यामुळे सर्वांच्या मिशा एक, नाक एक आणि कातडीचा रंगही एकच, तोही चक्क गुलाबी! उन्हातान्हात डोंगर तुडवणारा शेतकरी गडी नुकताच विलायतेहून उतरल्यासारखा का दिसावा? माझ्या या छंदाचे मूळ या प्रश्नात आहे. परदेशी बनावटीच्या, हातपाय वळणाऱ्या प्लॅस्टिकच्या वीरपुरुषांना नवे रंग देणारे हौशी लोक जगभर आहेत. मी तेच मावळ्यांवर करतो.

प्लॅस्टर रंग शोषून घेते, म्हणून प्रथम पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्यावा. तो वाळल्यावर ॲक्रिलिक रंग पातळ करून दोन-तीन हातांत लावावेत. एकाच जाड हातात नाकडोळे बुजतात. प्लॅस्टिकच्या बाहुल्याला आधी साबणाच्या पाण्याने आंघोळ घालावी, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकटपणा अंगावर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मऊ प्लॅस्टिकवर फवाऱ्याचा एनॅमल रंग कित्येकदा महिनोन् महिने चिकट राहतो. प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य रंगात उतरते, हे त्याचे कारण. सांध्यांवर रंग अगदी पातळ असावा, नाहीतर हात दोनदा वर केला की खपल्या निघाल्याच.

गव्हाळ रंग बाटलीत तयार मिळतो, पण तो मला पटत नाही. पिवळी माती आणि भाजक्या मातीचा तांबूस रंग, म्हणजे चित्रकलेच्या पेटीतील यलो ऑकर व बर्न्ट सिएना, यांत पांढरा थोडा आणि निळ्याचा केवळ ठिपका घालावा. प्रत्येक मावळ्यासाठी प्रमाण किंचित बदलावे. कपाळ व गालाची हाडे उजळ, पागोट्याखाली आणि हनुवटीखाली गडद. एवढ्यानेच पाच जण पाच गावचे दिसू लागतात. गेल्या वर्षी शेजारच्या एका लहानग्याने त्यांतला एक उचलून, “हा तर आमच्या आबांसारखा आहे,” असे सांगितले. मला दुसरे बक्षीस नको होते.

डोळे मात्र शेवटी. गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच असते. साच्यातले मावळे दचकल्यासारखे दिसतात, कारण त्यांचे बुबुळ पूर्ण गोल रंगवलेले असते. माणसाच्या वरच्या पापणीने बुबुळाचा थोडा भाग नेहमी झाकलेला असतो. म्हणून आधी पापणीची गडद रेघ ओढावी आणि तिला बुबुळ टांगावे. पांढराही शुभ्र नको, किंचित मळका हवा.

केवळ रंगाने भागत नाही तेव्हा घडवणे आले. कुणाला दाढी हवी, कुणाच्या खांद्यावर घोंगडी. इथे दोन पदार्थ कामाला येतात. पहिला पॉलिमर क्ले. नावात माती असली तरी ही माती नव्हे. पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांचा तो गोळा असतो. जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केटे क्रूझे यांच्या मुलीने, फिफीने, असा पदार्थ हाताळून पाहिला. १९६४ साली तो एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेला आणि ‘फिमो’ या नावाने जगभर झाला. शाडू हवेने वाळतो आणि तडकतो. हा गोळा आठवडाभर उघडा ठेवला तरी मऊच राहतो, त्यामुळे रोज रात्री अर्धा तास बसणाऱ्याला तो सोयीचा. कणकेसारखा चांगला मळावा, तारेच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा कागद चुरगळून बसवावा आणि वर पातळ थर द्यावा. मग १३० अंश सेल्सिअसच्या आसपास, पुडक्यावर लिहिले असेल तितका वेळ, भाजावा. भट्टीच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा तापमापक ठेवावा. फार तापले तर पीव्हीसी जळून घातक वायू सुटतो. खिडकी उघडी हवी, आणि ती भट्टी पुन्हा नानकटाईसाठी वापरू नये.

तयार बाहुल्यावर मात्र हा क्ले चालत नाही. प्लॅस्टिक भट्टीत वाकते. प्लॅस्टरचे तर आणखी गमतीचे: जिप्सम दीडशे अंशांच्या सुमारास भाजून प्लॅस्टर होते, ते पाणी घेऊन घट्ट बसते, पुन्हा तापवले की पाणी सोडून मूळ पदावर जाऊ लागते. तिथे आपला नळ दुरुस्तीचा एमसील कामाला येतो. दोन गोळ्या सारख्या घेऊन रंग एक होईपर्यंत मळाव्यात, बोटाला पाणी लावावे आणि तो आवळण्याआधी दाढीचे केस सुईने ओढून घ्यावेत. हातमोजे घालावेत, कच्चा एमसील कातडीला बरा नव्हे.

या क्लेचा घरी गणपती करावा काय, असे मला अनेकांनी विचारले. शोभेसाठी खुशाल करावा, विसर्जनासाठी मुळीच नाही. शाडू पाण्यात विरघळतो. हे प्लॅस्टिक आहे, ते मुळा-मुठेत आपल्या नातवंडांपर्यंत टिकेल.

मावळ्यांचे तसे नाही, त्यांना टिकायचेच असते. किल्ला उतरवला की ओल्या मातीतून प्लॅस्टरचे मावळे लगेच उचलावेत, पायापासून ओल चढते. दोन दिवस सावलीत वाळवून एकेकाला वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि भुशाच्या खोक्यात उभे ठेवावे, आडवे नको, भाले मोडतात.