उत्तरेकडील दिवस आणि रात्री

दिवस किती तासांचा असतो, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. मुंबईत डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ५९ अंश उत्तर अक्षांशावर वसली आहे. तेथे डिसेंबरात दिवस जेमतेम ६ तासांचा आणि जूनमध्ये साडेअठरा तासांचा होतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे आपण भूगोलात शिकतो. त्या कलाचा माणसाच्या मनाशी काय संबंध, हे मात्र तेथे संसार मांडल्यावरच उमगते.

संगणक आणि दूरसंचार क्षेत्रांतील नोकऱ्यांमुळे अनेक भारतीय कुटुंबे स्टॉकहोमच्या शीस्ता या उपनगरात आणि आसपास स्थायिक झाली आहेत. (या गावाच्या नावाचे पहिले अक्षर रोमन लिपीत ‘के’ असे असते, उच्चार मात्र ‘श’! नवख्याची पहिली फजिती बहुधा येथेच होते.) त्यांना थंडीची धास्ती वाटत असते, पण थंडीवर लोकरी कपड्यांचा उपाय आहे. खरी कसोटी पाहतो तो नोव्हेंबर. झाडे निष्पर्ण, आभाळ राखाडी, आणि अंधार उजळवणारे बर्फ अजून पडलेले नाही. कामावर जाताना अंधार, परतताना अंधार. ऊन न मिळाल्याने शरीरात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव होते. शेजारी सुसंस्कृत, परंतु न कळवता कोणाचे दार वाजवण्याची रीत नाही. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्या माणसाला ही शांतता अंधाराहून जड वाटते.

स्वीडिश लोकांनाही हा अंधार सोसावा लागतोच. त्यांनी त्यावर उत्सवांचा उतारा शोधला आहे. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारपासून खिडक्याखिडक्यांत कागदी तारे उजळतात. आपल्या आकाशकंदिलाशी त्यांचे इतके साम्य, की मराठी माणसाचे पाऊल क्षणभर थबकावे. १३ डिसेंबरला संत लुसियाचा दिवस येतो. जुन्या कालगणनेत हीच रात्र वर्षातील सर्वांत मोठी मानली जाई. पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा आणि मस्तकी दिव्यांचा मुकुट अशा वेशातील मुलगी गाणाऱ्यांच्या रांगेच्या अग्रभागी चालते. शाळा, रुग्णालये, वृद्धाश्रम, सर्वत्र ही मिरवणूक निघते. लुसिया मूळची इटलीतील सिसिली बेटाची आणि गाण्याची चालही इटलीचीच. तरी स्वीडिश माणूस तिला परकी मानीत नाही. या दिवशी केशर घातलेले पिवळेधमक गोड पाव करतात. केशराचा तो गंध आपल्याला श्रीखंडाची आठवण करून देतो.

जानेवारीत संक्रांत येते. उत्तरायण हा शब्द आपण पंचांगात वाचतो. तेथे तो प्रत्यक्ष दिसतो. दिवस रोज काही मिनिटांनी वाढत जातो आणि माणसे घड्याळ पाहून त्याची नोंद घेतात. ३० एप्रिलच्या संध्याकाळी होळीसारख्या मोठ्या शेकोट्या पेटवून, गाणी म्हणून वसंताचे स्वागत होते.

जूनमधील मध्यग्रीष्माचा सण हा या साऱ्याचा कळस. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब मैदानात उभारतात आणि त्याभोवती आबालवृद्ध फेर धरतात. बेडकासारख्या उड्या मारण्याचे एक गाणे तर प्रतिष्ठित गृहस्थही संकोच न करता म्हणतात. हेरिंग मासे, नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी हा ठरलेला बेत. पूर्वी या सणाची पूर्वसंध्या २३ जूनला असे; १९५३ पासून ती १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी साजरी होते. गणपती किंवा दिवाळी सुट्टीच्या वारी, भाड्याच्या सभागृहात साजरी करावी लागते म्हणून खंतावणाऱ्या मराठी मंडळींना ही माहिती दिलासा देईल.

आणखी उत्तरेला, आर्क्टिक वृत्तापलीकडील किरुना शहरात मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. स्टॉकहोमला तो मावळतो, पण रात्री दहा वाजता. मग आईवडिलांपुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. बाहेर उजेड असताना ‘रात्र झाली, झोप आता’ हे मुलाला कसे पटवायचे? नोव्हेंबरात उजेडासाठी आसुसलेली तीच माणसे जूनमध्ये खिडक्यांना जाड काळे पडदे लावतात.