पंख्याची पारख
कॉम्प्युटरसाठी पंखा घ्यायला गेलं की दुकानदार आधी रंगीत दिवे दाखवतो. तुम्ही आकार विचारा. १२० मिलिमीटरच्या पंख्याइतकी हवा १४० मिलिमीटरचा पंखा कमी फेऱ्यांत ढकलतो, म्हणून घरघरही कमी. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण पाती फिरवायला लागणारी शक्ती जवळपास एक अष्टमांशावर येते! म्हणून चार पिनांचाच घ्यावा. मदरबोर्ड तापमान बघून त्याचा वेग कमी-जास्त करतो. खोक्यावरचा एअरफ्लोचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे दाट जाळी किंवा रेडिएटर असेल, तर स्टॅटिक प्रेशर बघा. बसवताना उलटसुलट होऊ देऊ नका: बहुतेक पंख्यांत मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या ज्या बाजूला, तिकडून हवा बाहेर पडते.