स्मरणाचें व्याकरण

प्रेम, वियोग व स्मरण यांचें वर्णन कवि कसें करितात, हा प्रश्न निघाला म्हणजे आपले पंडित बहुधा अलंकारांकडे वळतात. चंद्र, मेघ, चातक यांची यादी होते आणि विषय संपला असें समजतात. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस मात्र दुसरी एक वाट अधिक उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. ती वाट व्याकरणाची. कवीच्या मनांत उपमा येण्याच्या आधींच भाषेनें आपल्या विभक्तींत व काळांत वियोगाची सोय करून ठेविलेली असते. आणि नकलकाराचा हात फिरतो तो नेमका याच जागीं.

पाणिनीपासून आरंभ करूं. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांतील ११२ वें सूत्र असें सांगतें कीं, स्मरणवाचक शब्द जवळ असला म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीसाठीं भविष्यकाळाचें रूप योजावें. आमच्या आगाशीशेजारच्या सोपाऱ्याचें नांव घालून उदाहरण करावयाचें तर, ‘स्मरसि मित्र, शूर्पारके वत्स्यामः’. रूप ‘राहूं’ असें. अर्थ मात्र, ‘मित्रा, आठवतें ना, आपण सोपाऱ्यास राहत होतों’ असा. माघानें शिशुपालवधाच्या पहिल्या सर्गांत हा नियम मोठ्या खुबीनें वापरला आहे. नारद कृष्णास त्याच्या रामावताराची आठवण करून देतो. सीता हरण करणारा रावण मारला जाऊन युग लोटलें, तरी क्रियापद भविष्यकाळीं. नियम न जाणणारा नकलकार येथें दुरुस्ती करूं पाहील, यांत नवल नाहीं.

पाणिनीचा हेतु रूपसिद्धीपुरता होता, हें उघड आहे. तरी साहित्यशास्त्रकारांचा भेद येथें मनांत येतोच. प्रियजन मृत्यूनें गेलें तर तो करुण, पुनर्भेटीची आशा असेल तर तो विप्रलंभ. आठवणारा मनुष्य गेलेल्या दिवसांकडे पाहतो तो बहुधा पुढें येणाऱ्या दिवसांकडे पाहावें तसाच, आणि संस्कृत भाषेनें त्याला तसें बोलण्याची मुभा दिली आहे. षष्ठीचीहि गोष्ट अशीच. स्मरणार्थक धातूच्या कर्माला षष्ठी होते, असें पाणिनि दुसऱ्या अध्यायांत सांगतो (२.३.५२). मराठींत आपण ‘मला आईची आठवण येते’ असें म्हणतों. आई षष्ठींत आहे, आठवणारा चतुर्थींत बसला आहे आणि कर्तेपण आठवणीकडे गेलें आहे. ‘मी आठवण करितों’ हें निराळें. तें कामाचें बोलणें झालें.

आतां प्राकृताकडे येऊं. हेमचंद्रानें बाराव्या शतकांत रचिलेल्या प्राकृत व्याकरणांत (८.४.७४) ‘स्मर्’ धातूचे जे आदेश दिले आहेत त्यांत ‘सुमर’ आहे, ‘भर’ आहे आणि ‘झूर’हि आहे. हा ‘झूर’ म्हणजेच आपलें झुरणें. स्मरणें व झिजणें हीं दोन कामें प्राकृत बोलणारांच्या लेखीं एका शब्दांत मावत होतीं. त्याहून विलक्षण असें कीं, ‘विम्हर’ हा शब्द स्मरणाच्या यादींत आहे आणि लगेच पुढच्या सूत्रांत विस्मरणाच्याहि यादींत आहे. त्याच दुसऱ्या यादींतला ‘वीसर’ आपल्या विसरण्यांत उरला. गाथासप्तशतीसारख्या ग्रंथाखालीं संस्कृत छाया लिहिणारा ‘झूर’पाशीं येतो तेव्हां त्याला ‘स्मरति’ तरी लिहावें लागतें, नाहीं तर ‘खिद्यते’ तरी. कांहींहि लिहिलें तरी अर्धा अर्थ जातो. छाया वाचून गाथा वाचल्याचें समाधान मानणारे विद्वान् आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

सप्तशतीचा पाठ मुळांतच अस्थिर. वेबरनें १८७० व १८८१ सालीं जीं प्रकाशनें केलीं त्यांवरून निरनिराळ्या परंपरांना समान अशा गाथा सुमारें ४३०च ठरल्या. म्हणून एकेका शब्दाचें मोल अधिक. पति गेला त्याच दिवशीं, अर्धा दिवस उलटण्यापूर्वींच, दिवस मोजण्याच्या रेघांनीं भिंत भरून टाकणारी स्त्री एका गाथेंत आहे. तेथें अलंकार जवळजवळ नाहींच. ‘आज’ हा एक शब्द पुनःपुन्हा येतो, एवढेंच.

अर्थ ठरवितांना काळाप्रमाणें स्थळहि पाहावें लागतें. गाथांतील पथिक पायीं चालणारा. पावसांत वाटा चिखलानें बुजतात (‘चिक्खल्ल’ हा गाथांतलाच शब्द), आणि मेघ दिसण्यापूर्वीं जो परतला नाहीं तो अडकला. अशा वाटसरूंसाठीं उषवदातानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें निवारे बांधिल्याचा लेख नाशिकच्या दहाव्या लेण्यांत आहे. हा उषवदात सातवाहनांच्या वैऱ्याचा, नहपानाचा, जांवई. पण निवाऱ्याला वैर नसतें. आतां तोच पाऊस किनाऱ्यावर कसा दिसतो तें पाहा. येथें आषाढांत गलबतें ओढून ठेवीत, दर्यावर्दी घरीं असे, आणि नारळी पौर्णिमेनंतर शिडें चढत. वाट पाहणें सुरू होई तें पाऊस सरल्यावर. आगाशीस सोळाव्या शतकांत गलबतें बांधण्याचा मोठा उद्योग होता. पोर्तुगीजांनीं १५३० व १५३१ सालीं हें बंदर लुटलें. अशा गांवच्या गाण्यांत आभाळ भरून आलें कीं तें विरहगीतच, असें कोणी समजूं नये.

सर्वांत नाजूक जागा मराठीच्या काळांत आहे. ज्ञानेश्वरींत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. संस्कृत वर्तमानकाळापासून आलेलें हें रूप पुढें सरकत सरकत रीतिभूतकाळ झालें, आणि आज ‘करी’ म्हणजे ‘करीत असे’. एका काळाचें चालू बोलणें दुसऱ्या काळाची आठवण झालें! ओव्यांच्या व पदांच्या भाषेंत दोन्ही अर्थ नांदतात. समजा, बाडांत ‘माय पहांटे दळी’ एवढेंच लिहिलें आहे. जुना वर्तमान घेतला तर माय माहेरीं आजहि दळते आहे. रीतिभूत घेतला तर ती नसेलहि. करुण कीं विप्रलंभ, हें त्या एका क्रियापदावर लटकलें आहे. नकलकार तेथें ‘दळिते’ किंवा ‘दळीत असे’ लिहितो तेव्हां लेकीच्या वतीनें निकाल देऊन मोकळा होतो.

हेमा राईरकर व गी पॉयटव्हिन यांच्या प्रयत्नानें जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित आहेत, ही मोठीच सोय. कंठ ऐकून कांहीं तरी कळतें. वसईच्या गांवांतून सामवेदी ऊर्फ कादोडी बोली हिंदु व ख्रिस्ती दोन्ही घरांत बोलतात. त्या बोलींतील गाणीं शिकलेला मुलगा उतरून घेतो तेव्हां ‘शुद्ध’ मराठींत लिहिण्याचा मोह त्याला आवरत नाहीं. अशीं बाडें ज्यांच्या हातीं येतील त्यांनीं क्रियापद जसें ऐकिलें तसेंच ठेवावें, आणि समासांत गाणारीचें माहेर व सासर, तिची आई त्या वेळीं हयात होती कीं नाहीं, व गाणें कोणत्या महिन्यांत ऐकिलें, एवढें टिपून ठेवावें.