गोळी घ्या, गोड बोला!

दिवाळीला घरी गेले होते. घर म्हणजे वलगाव. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालात की लागतं ते, पेढी नदीच्या काठचं. १९५६ साली गाडगेबाबांनी देह ठेवला, तो इथेच. आजीने चहाचा कप हातात दिला. 'बिनसाखरेचा कर' असं मी आधीच बजावलं होतं. पर्समधून छोटीशी पांढरी डबी काढली आणि टिक टिक, दोन गोळ्या कपात! आजीचा चेहराच पडला.

"काऊन वं, तुले बी शुगर झाली का?"

'तुले बी' अशासाठी, की बाबांना सहा वर्षांपासून शुगर आहे. मला नाहीये. मग अठ्ठाविसाव्या वर्षी मी ही गोळी का घेते? आजीला काही पटेलसं सांगता आलं नाही.

पुण्यात परतल्यावर हाच प्रश्न मित्रमंडळींना विचारला. एकीचं फेब्रुवारीत लग्न आहे, फोटोत बारीक दिसायचंय. एकाच्या आई-बाबा दोघांनाही शुगर, "पुढचा नंबर माझाच" म्हणाला. आणि एकाने खरं सांगून टाकलं, "यार, चहा सोडवत नाही!"

भीती काही खोटी नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आता आपलं गणित करू. ऑफिसात दिवसाला पाच कप चहा, कपात दोन चमचे साखर. झाले दहा चमचे, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात सहा चमच्यांच्या आत राहिलेलं उत्तम. गोळीत कॅलरीज जवळपास शून्य. मोह होणारच ना?

या गोडव्याला एक आपला धागाही आहे बरं का! १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचा तरुण संशोधक साखरेपासून नवे पदार्थ बनवत होता. प्राध्यापकांनी एक पदार्थ 'टेस्ट' कर, म्हणजे तपासून बघ, असं सांगितलं. याने ऐकलं, चाखून बघ! (मराठीत लिहिलं तर दोन्ही 'टेस्ट'च.) त्याने खरंच चाखला आणि साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड सुक्रालोज जगाला मिळालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोडव्यांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं. त्यांनी चरबी कायमची कमी होते, असं दिसलेलं नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांच्यासाठी मात्र ही सूचना नाही.

म्हणजे माझ्यासाठी आहे! मग मी माझाच हिशेब मांडला. दुपारी गोळीचा चहा घेतला की संध्याकाळी ब्राउनी 'चालतो'. शुगर-फ्री काजूकतली चार तुकडे 'चालते', काजू आणि तुपाच्या कॅलरीज कोण मोजतो? साखर वाचवली, पण वाचवलेलं सगळं तिथल्या तिथे उडवलं. आणि जिभेला गोडाची सवय होती तेवढीच राहिली.

आणि बाबा? दिवाळीत फराळाला आम्ही पाच घरी गेलो. पाचही ठिकाणी त्यांनी साखरेचाच चहा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घरीच. विचारलं तर म्हणाले, "चारचौघात डबी काढली की लोक तब्येतच विचारत बसतात." माझ्या पर्समध्ये जी डबी फॅशन आहे, ती त्यांच्या खिशात आजारपण होते. ज्याला गरज नाही तो मिरवतोय आणि ज्याला गरज आहे तो लपवतोय!

निघताना माझी डबी मी बाबांच्या शर्टाच्या खिशात टाकली. "कोणी विचारलं तर सांगा, पुण्याची फॅशन आहे." ते हसले. आता मी कपात एक चमचा साखर घेते, पुढच्या महिन्यात अर्धा घेणार. पहिले आठ दिवस चहा अगदी काढ्यासारखा लागला, खोटं कशाला बोलू?

परवा आजीचा फोन आला. बाबांनी शेजाऱ्यांकडे ऐटीत डबी काढली म्हणे.

"ज्याची गोळी त्याच्यापाशी गेली बाप्पा," आजी म्हणाली, "आता तू आली की नीट चहा पे!"