रोलर कोस्टर : भीतीची मौज आणि तिच्यामागील शास्त्र

हिवाळा आला की ग्वाल्हेरीतील आबालवृद्धांना मेळ्याचे वेध लागतात. श्रीमंत माधवराव महाराज शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा मूळचा व्यापाराचा. परंतु बालगोपाळांचे पाय प्रथम वळतात ते उंच पाळण्यांकडे. त्या पाळण्यांचा मोठा भाऊ म्हणजे रोलर कोस्टर. दूरचित्रवाणीवर त्याची दृश्ये आपण नेहमी पाहतो. गाडी कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येते, बसलेले किंचाळतात आणि पुढच्याच क्षणी हसत उतरतात. हे पाहून दोन प्रश्न मनात येतात. माणसाला भीतीत मौज का वाटावी, आणि ही गाडी पडत कशी नाही?

या खेळाचा उगम रशियातील हिवाळ्यात आहे. तेथे लाकडी चढ उभारून त्यावर बर्फ गोठवीत आणि लोक त्यावरून घसरत खाली येत. पुढे १८८४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन यांनी रुळांवरून धावणारी अशी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी सुमारे १० किलोमीटर होता. म्हणजे आपली सायकल तिला सहज मागे टाकील! तरीही लोकांची तेथे झुंबड उडे.

या गाडीस बहुधा इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या उंच टेकाडावर ओढून नेते आणि तेथे सोडून देते. चढताना मिळालेली स्थितिज ऊर्जा उतरताना गतिज ऊर्जेत बदलते. २० मीटर उंचीवरून उतरणाऱ्या गाडीस, घर्षण वगळल्यास, ताशी सुमारे ७० किलोमीटर वेग मिळतो. वेग दुप्पट करावयाचा तर उंची मात्र चौपट करावी लागते. महाराष्ट्रात खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानात २०१३ साली सुरू झालेला ‘नायट्रो’ सुमारे ४० मीटर उंच आहे. आपल्या वर्गातील सूत्राने गणित केल्यास त्या उंचीसाठी ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग येतो. वाटेत घर्षण आणि हवा थोडी थोडी ऊर्जा खातात. म्हणून पुढील टेकाडे सामान्यतः पहिल्याहून ठेंगणी ठेवावी लागतात.

आता थराराविषयी. गाडी उंचवट्यावरून झपाट्याने पुढे जाते, तेव्हा आसनाचा आधार क्षणभर सुटतो आणि पोटात गोळा येतो. खोलगट भागात मात्र आसन आपल्याला जोराने वर रेटते आणि शरीर दुप्पट-तिप्पट जड झाल्यासारखे वाटते. उलट्या वळशात माणूस का पडत नाही, हे पाण्याची बादली गरगर फिरवून पाहिलेल्यास सांगावयास नको. तथापि या वळशाचा आकार ठरविणे सोपे नव्हते. १८९५ साली कोनी आयलंड येथे पूर्ण वर्तुळाकार वळसा बांधला गेला. त्यात शिरताच शरीरावर एकाएकी इतका भार येई की बसणाऱ्यांच्या माना दुखावत. पुढे जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगल यांनी वळशास वर निमुळता, थेंबासारखा आकार दिला. तसा वळसा असलेली गाडी १९७६ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. त्यात वक्रता हळूहळू वाढते, म्हणून धक्का बसत नाही.

पडद्यावर हा भार दिसत नाही. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘सिनेरामा’ नावाच्या अतिविशाल पडद्यावरील पहिल्या चित्रपटाचा आरंभच रोलर कोस्टरच्या दृश्याने केला होता. असे दृश्य पाहताना डोळे सांगतात, “आपण पडत आहोत”, पण कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते, “आपण खुर्चीत स्वस्थ आहोत.” त्यामुळे काहींना गरगरते. प्रत्यक्ष गाडीत दोन्ही साक्षी जुळतात. म्हणून पडद्यावरून खऱ्या अनुभवाची आणि विशेषतः खऱ्या धोक्याची पारख होत नाही.

मग सुरक्षितता कशात आहे? गाडीच्या चाकांचे तीन संच असतात. एक रुळावर धावतो, दुसरा बाजूने टेकतो आणि तिसरा रुळाच्या खालून धरतो. खालून धरणाऱ्या चाकांचे पेटंट जॉन मिलर यांना १९१९ साली मिळाले. चढावर जो ‘खट् खट्’ आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांत अडकत जाणाऱ्या खिळीचा. आगगाडीप्रमाणे येथेही मार्गाचे विभाग पाडलेले असतात व एका विभागात एकाच वेळी एकच गाडी सोडली जाते. अनेक ठिकाणचे ब्रेक असे असतात की वीज गेली तर ते सुटत नाहीत, उलट आवळले जातात. आपल्या जयविलास प्रासादात भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे. तिच्यावरील सुरई उचलताच ती थांबत असे, असे सांगतात. काही बदलले की आधी थांबावे, हेच तत्त्व येथे माणसांच्या प्राणांसाठी वापरलेले असते.

परंतु उत्तम रचनाही निगा न राखल्यास घातक ठरते. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबाद येथील कांकरिया तलावाजवळ झोके घेणारा एक मोठा पाळणा तुटून कोसळला आणि दोघांचा मृत्यू झाला. मेळ्यांतील पाळण्यांविषयी तर अधिक दक्षता हवी. कारण ते गावोगाव उतरवून पुन्हा उभारले जातात. प्रत्येक बोल्ट नव्याने आवळावा लागतो, प्रत्येक सांधा नव्याने तपासावा लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, पाळण्यावर चढण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे. अडणी नीट बसते का, चालक प्रत्येकाची अडणी हाताने ओढून पाहतो का, उंचीचा नियम पाळला जातो का, हे पाहण्यास तज्ज्ञ असावे लागत नाही. शंका वाटल्यास न बसण्यात भित्रेपणा नाही. आणि बसल्यावर, मित्रांनी कितीही चिडवले तरी, गाडी पूर्ण थांबेपर्यंत उठू नये. भीतीची मौज लुटता येते ती कोणीतरी काळजीपूर्वक गणित केले आणि सकाळी प्रत्येक सांधा तपासला म्हणून. त्या न दिसणाऱ्या हातांचे काम उद्या आपल्यापैकीच कोणी अंगावर घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.