बॉनेट उघडणाऱ्यांचं दशक

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क वाढवलं. मोटारीला आता 10,000 रुपये. 2022 च्या मार्चपर्यंत हेच काम 600 रुपयांत होत होतं. एप्रिलमध्ये ते 5,000 वर गेलं आणि तीन वर्षांत त्याचीही दुप्पट झाली. 2025 मध्येच पंपापंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. जुन्या गाडीच्या मालकाला या पेट्रोलची धास्ती वाटते, आणि ती उगाच नाही. इथेनॉल जुन्या रबरी होजना आणि गॅस्केटना मानवत नाही, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लिटरमागे पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा देतं.

मीरा-भाईंदरमध्ये ज्यांच्या बिल्डिंगखाली आजही एखादी फियाट पॅलिओ 1.6, पहिली होंडा सिटी व्हीटेक किंवा एस्टीमचं इंजिन बसवलेली झेन उभी आहे, त्यांना हे दोन्ही फटके एकाच वर्षी बसले. या गाड्या नुसत्या जुन्या नाहीत. त्या मालकांनी स्वतःच्या हातांनी घडवलेल्या आहेत. या गावात स्पोर्ट्स कार शोरूममधून आली नाही. लोकलने अंधेरी-चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या माणसाने हप्त्यांवर साधी मोटार घेतली आणि रविवारी बाह्या सारून तिची स्पोर्ट्स कार केली. हे शक्य होतं असं एक दशक होऊन गेलं. ते कसं आलं आणि कुणी संपवलं, याचा हिशेब आता मांडायला हवा.

त्याआधीची वर्षं झटकन ओलांडता येतात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणारी पद्मिनी 1089 सीसीची. ती दुरुस्त करायला सोपी होती आणि मालकाला दुरुस्त करता यावीच लागे, कारण ती वरचेवर बंद पडायची. पॉइंट घासणे, कार्ब्युरेटरचा जेट फुंकणे, प्लगची गॅप बघणे ही कामं टॅक्सीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना येत. पण ती गरज होती, हौस नव्हे. पुढे मारुती 800 आली आणि लोक बॉनेट उघडायचंच विसरले. 1993 च्या झेनने आणि 1994 च्या एस्टीमने वेगाची चव दिली. 1998 ची सॅन स्टॉर्म ही फायबर बॉडीची दोन आसनी गाडी मासिकांत जास्त आणि रस्त्यावर फार कमी दिसली. 'ओव्हरड्राइव्ह' 1998 मध्ये आणि 'ऑटोकार इंडिया' 1999 मध्ये सुरू झालं आणि रेल्वे स्टॉलवर उभ्या उभ्या 'बीएचपी' आणि 'टॉर्क' वाचणारी पिढी तयार झाली.

मग 2000 साल उजाडलं. होंडा सिटी 1.5 व्हीटेक आली, 106 बीएचपीची. 2001 च्या सप्टेंबरमध्ये फियाटची पॅलिओ आली, तीही कुर्ल्याचीच. तिच्या 1.6 मध्ये सोळा व्हॉल्व्हचं, 100 बीएचपीचं इंजिन होतं. ज्या देशात हॅचबॅक म्हणजे पन्नास-साठ बीएचपी हे गृहीत होतं, तिथे हा आकडा धक्कादायक होता. सचिन तेंडुलकर तिचा चेहरा झाला, त्याच्या सहीची 'एस 10' आवृत्ती निघाली. त्याला मिळालेल्या फेरारी 360 मोडेनाच्या आयात करावरून 2003 मध्ये देशभर वाद झाला. पण गॅरेजमधल्या पोरांसाठी सचिनची खरी गाडी पॅलिओच होती.

2002 च्या फेब्रुवारीत मीरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली. आदल्या वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या 5 लाख 20 हजार होती. इमारतींमध्ये मोकळी जागा होती, मिठागरांच्या बाजूचे रस्ते ओस असत आणि काशिमिऱ्याच्या नाक्यापासून हायवेच्या कडेने गॅरेजं लागलेली होती. घोडबंदर रस्ता गायमुखच्या वळणांपर्यंत जवळजवळ रिकामा मिळे. गाडीवर काम करायला जागा आणि केलेलं काम तपासायला रस्ता, दोन्ही दारात होतं.

या गावाचं आणखी एक बळ होतं, आणि त्याची नोंद कुणी घेतली नाही. भाईंदर पूर्वेचे औद्योगिक गाळे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. जिथे स्टीलची भांडी घडतात तिथे लेथ असतं, बफिंग असतं, पाइप वाकवणारा असतो आणि आर्गन वेल्डिंगचा पक्का हात असतो. फ्री-फ्लो सायलेन्सरला आणि हेडरला नेमकं हेच लागतं. कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरचा धूर एका अरुंद तोंडात कोंबला जातो. तो नीट बाहेर काढायचा तर चार समान लांबीचे पाइप हवेत, ते आधी दोनांत आणि मग एकात मिळायला हवेत. लांबी चुकली की वरच्या आरपीएमला गाडी पळते आणि खालचा पिकअप मरतो. भांड्यांची कामं संपल्यावर संध्याकाळी गाळ्यात जमिनीवर खडूने आकृती काढून असे हेडर जोडले जात. वेल्डिंग करणाऱ्याने मोटार कधी चालवलेली नसायची, पण सांध्याच्या आत मण्यासारखा डाग उरला तर धूर अडतो हे त्याला एकदा सांगितलं की पुरे. तो सांधा आतून घासून मगच हातात देई.

बाकीचं सामान मुंबईत मिळे. नवे सुटे भाग ऑपेरा हाउसला, जुने कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. तिथे भंगारात आलेल्या एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन पाहून, हाताने क्रँक फिरवून, भाव ठरवून टेम्पोत घालून आणायचं आणि झेनमध्ये बसवायचं. झेनचं इंजिन 993 सीसीचं आणि पन्नास बीएचपीचं. नंतरच्या इंजेक्शनवाल्या एस्टीमचं 85 चं. हलक्या अंगाच्या झेनमध्ये ते बसलं की मोठमोठ्या सेडान मागे पडत. पुस्तकं फोर्टच्या फूटपाथवर मिळत. तिथल्या ढिगात ब्रिटनच्या हेन्सची दुरुस्तीची पुस्तकं सापडत. पुंटोचं हेन्स हाती लागलं की 1.2 पॅलिओवाल्याचं काम भागे, कारण फियाटचं फायर इंजिन दोन्हींत होतं. 2005 मध्ये मुंबई पालिकेने ते पुस्तकवाले तिथून उठवले आणि गाडीवेड्यांची ती शाळा संपली.

त्या काळात चुकीची कामंही पुष्कळ झाली, आणि ती तेव्हाही चुकीचीच होती. उघडा कोन फिल्टर बसवून बॉनेटखालची तापलेली हवा इंजिनला पाजायची आणि आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं समजायचं. गरम हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी. बंपरच्या मागून थंड हवेची नळी आणल्याशिवाय त्या फिल्टरचा काडीचा उपयोग नाही. स्प्रिंगा कापून गाडी खाली घेणाऱ्यांनी शॉक ॲब्सॉर्बरची वाट लावली. एचआयडी दिव्यांनी समोरच्याचे डोळे दिपवले. नुसता सायलेन्सर कापून रात्री दोन वाजता सेक्टर जागा करणाऱ्यांनी तर सगळ्या छंदाला बदनाम केलं, आणि त्याची किंमत शांतपणे काम करणारे आजही मोजत आहेत.

जाणते लोक सुरुवात ब्रेकपासून करत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदली. या कामाला दोन माणसं लागतात. एक आत पेडलवर, दुसरा चाकाशी, हातात छोटा रिंग पाना, निपलला पारदर्शक नळी आणि नळीचं दुसरं टोक बिसलेरीच्या बाटलीत. "पंप कर." तीन-चारदा पेडल दाबलं जातं. "धर." "धरलाय." पाना पाव फेरा फिरतो, काळपट ऑइल बुडबुड्यांसकट नळीतून येतं, पेडल तळाला जातं. "सोडू नकोस अजून." निपल बंद होतो. "सोड." मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात दूरच्या चाकाने सुरुवात करून चारही चाकं अशी करायची, नळीत एकही बुडबुडा उरत नाही तोवर. आत बसलेली व्यक्ती बहुतेक वेळा बायको, धाकटा भाऊ किंवा शेजारचा शाळकरी पोरगा असे. मीरा रोडच्या कितीतरी मुलांना मोटार कशी थांबते हे पुस्तकाआधी असं पायाने कळलं.

या दशकाची परीक्षा 26 जुलै 2005 ला झाली. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. हायवेवर, दहिसर-मीरा रोडच्या सखल भागांत गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर ज्यांनी घाईने चावी फिरवली त्यांची इंजिनं गेली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला बघतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांना आपल्या गाडीचं अंतरंग माहीत होतं त्यांनी चावीला हात लावला नाही. बॅटरी सोडवली, चारही प्लग काढले, क्रँक हाताने फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, चहासारखं झालेलं इंजिन ऑइल दोन-दोनदा बदललं आणि मगच स्टार्टर मारला. त्या आठवड्यात टो व्हॅन मिळत नव्हती आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पाण्यात स्टार्टर मारल्याने झालेलं नुकसान हे मालकाच्या चुकीचं, असं म्हणून विमा कंपन्यांनी अनेकांचे दावे फेटाळले. पुढे त्याच जोखमीसाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जादा कवच विकायला काढलं.

उतरण मात्र पावसाच्या आधीच लागली होती. होंडाने 2003 मध्ये नवी सिटी आणली तीच 77 बीएचपीची. 'ॲव्हरेज' हा एकच निकष उरला. पॅलिओ 1.6 पेट्रोल पिते म्हणून तिला नावं ठेवली गेली आणि बाजाराने तिला मारलं. कुर्ल्याचं काम रांजणगावला गेलं. त्याच रांजणगावात 2015 मध्ये फियाटने 145 बीएचपीची अबार्थ पुंटो दहा लाखांच्या आत दिली. इतकी ताकद इतक्या पैशांत या देशात दुसऱ्या कुणी दिली नव्हती, पण गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि बीएस-6 च्या उंबरठ्यावर फियाटने काढता पाय घेतला. चाकणची पोलोही 2022 मध्ये बंद झाली.

दरम्यान गाडीला कुलूप लागत गेलं. आता मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आधी स्कॅनरने मागे घ्यावा लागतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी बदलली तर तसं संगणकाला कळवावं लागतं. पूर्वी शे-सव्वाशेचा बल्ब जायचा, आता अख्खा एलईडी दिवा हजारोंचा. स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांना 2,544 कोटींचा दंड ठोठावला, तो याच रोगासाठी: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न देणं. प्रकरण अपिलात गेलं आणि गॅरेजवाला होता तिथेच राहिला. केंद्राने 2022 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं, त्यात मोटारीही आहेत; पण कंपन्यांनी माहिती उघड करावी असं सक्तीचं बंधन अजून नाही.

कायद्याने उरलेला दरवाजा लावला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सन 2000 मध्येच कडक झालं होतं. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते अधोरेखित केलं: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. सुरक्षेचा हेतू योग्यच आहे. पण जर्मनीत सुटा भाग तपासून, प्रमाणित करून, गाडीच्या कागदांवर चढवता येतो. आपल्याकडे सीएनजी किटला अशी वाट आहे, चांगल्या ब्रेकला आणि सस्पेन्शनला नाही. त्यामुळे कापलेला सायलेन्सर आणि अभ्यासाने घडवलेला हेडर एकाच चलानात बसतात. वेग आजमावायला मुंबईच्या आसपास कायमचा ट्रॅकही नव्हता. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या स्पर्धा सोडल्या तर चेन्नई किंवा कोइम्बतूर गाठावं लागे.

आणि घरची गोष्ट. 2011 पर्यंत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8 लाख 9 हजारांवर गेली. मोकळ्या जागा टॉवरांनी घेतल्या, स्टिल्टखाली गाडीला गाडी चिकटली आणि 'आवारात गाडीचे काम करू नये' अशा पाट्या लागल्या. तेलाचे डाग पडतात हे खरं आहे. पण पत्र्याचा ट्रे आणि जुनी गोणी घातली की डाग पडत नाहीत, हेही तितकंच खरं.

2025 मध्ये मीरा-भाईंदरला स्वतंत्र आरटीओ आणि एमएच-58 हा क्रमांक मंजूर झाला. पासिंगला ठाण्याला खेटे घालायचं संपावं अशी अपेक्षा आहे. या नव्या कार्यालयाने जुन्या गाडीकडे भंगार म्हणून न बघता तिचे ब्रेक, धूर आणि चासी तपासून निकाल द्यावा. सोसायट्यांनी महिन्यातला एक रविवार आणि एक कोपरा द्यावा. आणि ज्यांच्याकडे त्या दशकातली गाडी अजून आहे त्यांनी यंदाच्या पावसाळ्याआधी टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे फ्युएल होज इथेनॉल सोसणारे घालून घ्यावेत, जुने क्लिप परत वापरू नयेत, आणि पासिंगची तारीख चुकवू नये.